गेमिंग पीसीचा प्रोसेसर आणि रॅम बदलताना: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार ते आठ वर्षं जुना पीसी आहे, गेम अडखळतोय आणि हातात मोजके पैसे आहेत, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. सध्याच्या मदरबोर्डवर आणि सध्याच्या रॅमवर काय साधता येतं ते संपूर्ण तपासल्याशिवाय नवीन बोर्ड घेऊ नका. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढल्यापासून तर हे आणखी खरं झालंय. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती आहेत.

गेम अटकतो. प्रोसेसर बदलू, रॅम वाढवू की ग्राफिक्स कार्ड घेऊ?

दुकानात जाण्याआधी घरी अर्धा तास काढा. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर टाका. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा), ग्राफिक्स कार्डचा वापर, रॅम आणि ग्राफिक्स मेमरी दिसेल अशी सोय त्यात आहे. आता नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर खेळा, आणि जिथे हमखास अडखळतो तिथेच जा.

ग्राफिक्स कार्डचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल, तर अडलंय ते कार्डापाशी. अशा वेळी कितीही भारी प्रोसेसर आणला तरी एफपीएस जवळपास तेवढेच राहतील. वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि तरीही एफपीएस कमी असतील, तर प्रोसेसर कार्डाला पुरेसं काम देऊ शकत नाहीये. मात्र त्याआधी गेममध्ये एफपीएसची मर्यादा किंवा व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू नाही ना, ते बघा. पक्कं करायचं असेल तर रेझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. कार्डाचं काम एकदम हलकं होतं. तरीही एफपीएस हलले नाहीत, तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमच्या वेगाचा.

रॅम कमी पडत असेल तर लक्षणं वेगळी असतात. सरासरी एफपीएस चांगले दिसतात, पण नवीन भागात शिरलं की क्षणभर गोठतं, रॅम ९० टक्क्यांच्या वर गेलेली असते आणि त्याच वेळी डिस्क धावत असते. असाच झटका ग्राफिक्स मेमरी भरल्यावरही बसतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणल्यावर झटके थांबले, तर रॅम विकत घेण्याची गरज नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा, त्यांना एक रुपयाही लागत नाही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात? आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच पडून तर नाही ना?

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो. मग तो कमी पडतोय असं कसं?

तो आकडा सगळ्या थ्रेडची (प्रोसेसरमधल्या कामाच्या रांगांची) सरासरी असतो. बऱ्याच गेमचं मुख्य काम एक-दोन थ्रेडवरच चालतं. सहा कोअर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला आणि बाकीचे निवांत असले, तरी सरासरी कमीच दिसणार. म्हणून प्रोसेसरचा निकाल या आकड्यावरून लावू नका. ग्राफिक्स कार्ड रिकामं बसतंय का, ते बघा.

माझ्या बोर्डवर कोणता प्रोसेसर बसेल?

स्टार्ट मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं की बोर्डचं नाव मिळतं, किंवा सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर वापरा. मग बोर्डच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसर सपोर्टची यादी बघा. प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कोणतं बायोस (बोर्डमधलंच मूळ सॉफ्टवेअर) लागतं तेही तिथे दिलेलं असतं. दुकानदाराच्या ‘बसतं हो’ पेक्षा ही यादी महत्त्वाची.

सगळ्यात नशीबवान एएम४ वाले, म्हणजे एएमडीच्या रायझनचा हा सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) असलेले. २०१७ साली पहिला रायझन ज्या सॉकेटवर आला, त्याच सॉकेटवर २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणि २०२४ मध्ये ५७००एक्स३डी आला. रायझन ५ १६०० किंवा २६०० असलेला बी४५० बोर्ड घरी असेल, तर बायोस अपडेट करून त्यावर रायझन ५ ५६०० बसतो. रॅम तीच, कॅबिनेट तेच, एसएमपीएस तोच, आणि फरक मात्र पिढीचा. कमी पैशात याहून चांगला अपग्रेड मला माहीत नाही. ए३२० बोर्डांनाही नंतर ५००० मालिकेचा सपोर्ट मिळाला, पण त्यातल्या स्वस्त बोर्डांचा वीजपुरवठ्याचा भाग कमकुवत असतो. तिथे ६५ वॉटच्या ५६०० वर थांबा. १०५ वॉटचा प्रोसेसर नको.

इंटेलच्या १२व्या पिढीवाल्यांनाही वाट आहे. एलजीए १७०० सॉकेटवर १२वी, १३वी, १४वी अशा तिन्ही पिढ्या बसतात. एच६१० किंवा बी६६० बोर्डवर १२वीतला आय३ असेल, तर पुढे आय५ टाकता येतो.

आठवी आणि नववी पिढी एकमेकांच्या बोर्डवर चालते. सहावी-सातवीच्या बोर्डवर मात्र आठवी चालत नाही, सॉकेटचं नाव एलजीए ११५१ हेच असलं तरी. सातवी आणि त्याआधीच्या पिढीवाल्यांनी आता प्रोसेसरवर पैसे घालू नयेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत डेस्कटॉपचे हे प्रोसेसर नाहीत. शिवाय व्हॅलोरंट या गेमला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं. इथे बोर्डासकट बदल करणंच शहाणपणाचं.

५६००, ५६००जी, ५५००. नावं सारखी, मग जो स्वस्त तो घेऊ का?

नको. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर फक्त ५६०० घ्या. त्यात ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आहे, तर ५५०० आणि ५६००जी या दोन्हींत १६ एमबी. हे दोन्ही पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड जोडणारा रस्ता) ३.० वर थांबतात, ५६०० ला ४.० मिळतं, अर्थात बोर्डही ४.० चा असेल तर. रेडिऑन आरएक्स ६६०० सारखी कार्डं आठच लेन वापरतात, त्यांना हा फरक काही गेममध्ये जाणवतो. ५६००जी चा खरा उपयोग कार्डच नसलेल्या पीसीत.

एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवरही तेच. ८४००एफ, ८६००जी ही नावं ७६०० पेक्षा मोठी वाटतात, पण त्यांत एल३ कॅश १६ एमबीच आहे. ७६०० मध्ये ३२. आकडा मोठा म्हणजे गेममध्ये वेगवान, असं समजू नका.

एक्स३डी प्रोसेसरचं एवढं कौतुक का? मला लागेल का?

गेममध्ये प्रोसेसरला त्याच त्या माहितीकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं: कोण कुठे उभं आहे, काय कशावर आदळलं, शत्रू पुढे काय करणार. ही माहिती कॅशमध्ये नसली की रॅमकडे हात पसरावा लागतो, आणि रॅममधून ती यायला कॅशच्या कित्येक पट वेळ जातो. एक्स३डी प्रोसेसरमध्ये एएमडीने चिपला ६४ एमबी कॅशचा जादा थर जोडला. त्यामुळे ५८००एक्स३डी, ५७००एक्स३डी, ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी या सगळ्यांत एल३ कॅश ९६ एमबी झाली. सरासरी एफपीएसपेक्षाही मधूनमधून बसणारे झटके कमी होतात, आणि खेळताना हाताला जाणवतं ते हेच.

लागेल कुणाला? काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धेचे गेम १०८०पी वर जास्त हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्यांना, फ्लाइट सिम्युलेटर किंवा मोठे स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांना, आणि ज्यांच्याकडे आधीच दमदार कार्ड आहे त्यांना. १४४०पी किंवा ४के वर मध्यम कार्ड असेल, तर पैसे कार्डात घाला.

एक फायदा मात्र फारसा कुणी सांगत नाही. कॅश मोठी असल्यामुळे एक्स३डी प्रोसेसरला महागड्या, वेगवान रॅमची गरज कमी पडते. सध्याच्या भावात ही बचत लहान नाही. एएम४ वाल्यांना ५७००एक्स३डी पक्क्या बिलावर, रास्त भावात मिळाला, तर त्यांची जुनी डीडीआर४ ३२०० रॅम (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा वेग) आणखी काही वर्षं सुखाने चालेल.

सगळंच नवीन घ्यायचंय. एएमडी एएम५ की इंटेल?

फक्त गेमिंगसाठी मी एएम५ घेईन. हा सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला सपोर्ट देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे आज बी६५० बोर्ड आणि ७६०० घेतला, तर दोन-तीन वर्षांनी बोर्ड न हलवता फक्त प्रोसेसर बदलायची सोय राहते. त्याला डीडीआर५ च लागते, हा त्याचा तोटा.

घरी चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल, तर इंटेल १२व्या पिढीचा आय५ १२४००एफ आणि डीडीआर४ चा बोर्ड हा मार्ग अजून वाजवी आहे. पुढे अपग्रेडची वाट आखूड आहे, पण आजचा खर्च बराच उतरतो. बोर्ड घेताना नाव शेवटपर्यंत वाचा. एकाच बी७६० चे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे वेगवेगळे बोर्ड येतात. दोन्ही रॅमना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावू नका.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात असं ऐकलं, ते खरं आहे का?

हो. या पिढ्यांच्या ताकदीच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याचा दोष निघाला. गेम मध्येच बंद पडणं, ग्राफिक्स मेमरी नसल्याचे खोटे संदेश, निळा पडदा, अशा तक्रारी त्यातून आल्या. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंटेलने ०x१२९ आणि नंतर ०x१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिले आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. म्हणून या पिढ्यांचा आय७ किंवा आय९ सेकंडहँड घेऊ नका. बाराव्या पिढीत हा दोष नाही.

१६ जीबी पुरेल की ३२ हवी?

बहुतेक गेमसाठी दोन ८-८ च्या स्टिकची १६ जीबी अजून चालते, ब्राउझरच्या पंचवीस टॅब बंद ठेवल्या तर. खेळताना डिस्कॉर्ड, ब्राउझर आणि रेकॉर्डिंग सगळं चालू असतं, त्यांनी ३२ धरावी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी तर ३२ जीबीची शिफारसच आहे. नवीन पीसी जोडत असाल तर १६-१६ च्या दोन स्टिक. सध्या १६ असेल आणि वर सांगितलेली तपासणी रॅमकडे बोट दाखवत नसेल, तर आज थांबा.

रॅम अचानक एवढी महाग का झाली?

एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते. जगातली बहुतेक डीआरएम (रॅममध्ये असते ती मेमरी चिप) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि त्यांनी आपली क्षमता त्या जास्त नफ्याच्या मालाकडे वळवली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवीन कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, म्हणून भाव महिनाभरात उतरतील या आशेवर अडलेलं काम लांबवू नका. आणि गरज नसताना, उद्या अजून वाढतील या भीतीने घेऊनही ठेवू नका. घरातली चालू रॅम मात्र कुणाला सहज देऊन टाकू नका.

माझ्याकडे ८ जीबीची एकच स्टिक आहे. दुसरी टाकली तर फायदा होईल का? कंपनी वेगळी चालेल?

फायदा दुहेरी होतो. क्षमता वाढते, आणि ड्युअल चॅनलमुळे मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते, दोन मिळून ५१.२. प्रोसेसर अडवत असलेल्या गेममध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. माझ्या बघण्यातल्या कर्वेनगर-कोथरूडच्या विद्यार्थ्यांच्या पीसींमध्ये एकच स्टिक हा सर्वांत सामान्य दोष आहे.

कंपनी वेगळी असली तरी बहुतेक वेळा चालते. क्षमता, वेग आणि सीएल (रॅमच्या विलंबाचा आकडा) जुळवून घ्या. दोन्ही स्टिक हळू असेल तिच्या वेगाने धावतील. चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बोर्डवर त्यांना सहसा ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. दोन्ही स्टिक पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या तर त्या एकाच चॅनलवर जातात.

पाकिटावर ३६०० लिहिलंय, विंडोज २१३३ किंवा २४०० दाखवतं. फसवलं का?

नाही. तो वेग बायोसमध्ये स्वतः चालू करावा लागतो. इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर एक्स्पो. काही जुन्या एएमडी बोर्डवर डीओसीपी असं नाव दिसेल. चालू करा, सेव्ह करा, पुन्हा सुरू करा. कित्येकांनी पैसे देऊन घेतलेला वेग वर्षानुवर्षं असा झोपलेला असतो.

इंटेलच्या ५०० मालिकेआधीच्या एच आणि बी बोर्डवर मात्र प्रोसेसरच्या अधिकृत वेगापुढे जाता येत नाही. बी३६० वर आय५ ९४००एफ असेल, तर मर्यादा २६६६. तिथे ३६०० ची रॅम घेऊ नका.

वेग बघू की सीएल?

दोन्ही मिळून बघा. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, म्हणजे विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर४ ३२०० सीएल१६ चा येतो १०. डीडीआर५ ६००० सीएल३० चाही १०. डीडीआर५ ५२०० सीएल४० चा मात्र १५ च्या वर जातो. एएम४ साठी ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८, आणि एएम५ साठी ६००० सीएल३० किंवा सीएल३६, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. त्यापुढच्या वेगाला दिलेला पैसा गेममध्ये फारसा दिसत नाही.

डीडीआर५ च्या चार स्टिक टाळा. रायझन ७००० दोन स्टिकवर अधिकृतपणे ५२०० चालवतो, चार लावल्यावर तो आकडा ३६०० वर येतो.

पुण्याच्या उन्हाळ्यात डब्यातला कुलर पुरतो का?

रायझन ५ ५६०० किंवा ७६०० सोबतचा कुलर काम भागवतो, फक्त आवाज करतो. एक्स३डी सोबत कुलर येतच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असतो, तेव्हा खोलीचं तापमान जेवढं वाढलं तेवढंच प्रोसेसरचंही वाढतं, असा ढोबळ हिशेब धरा. साधा १२० मिमी पंख्याचा टॉवर कुलर या प्रोसेसरना पुरेसा आहे. ७८००एक्स३डी सुद्धा गेममध्ये १०० वॉटच्या आत राहतो, त्यासाठी पाण्याच्या कुलरची गरज नाही. त्याऐवजी पुढून हवा घेणारे दोन पंखे आणि जाळी असलेलं कॅबिनेट बघा. वाघोली, हिंजवडीसारख्या सतत बांधकाम चाललेल्या भागात जाळीवर धूळ लवकर साठते, ती महिन्याला एकदा झटकून काढा.

बायोस अपडेट करताना लाइट गेली तर?

बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून ही भीती योग्यच आहे. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार सहसा गुरुवार असतो, त्या दिवशी आणि वळवाचा पाऊस दाटून आला असताना हे काम काढू नका. यूपीएस असेल तर त्यावरच करा. बोर्डला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर बिघडलेलं बायोस पेन ड्राइव्हवरून पुन्हा भरता येतं.

क्रमही चुकवू नका. जुना प्रोसेसर लागलेला असतानाच नवीन बायोस टाका, मग प्रोसेसर बदला. त्याआधी बिटलॉकर (विंडोजची डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. प्रोसेसर बदलला की एएमडी बोर्डवर एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) नवीन करू का, असा प्रश्न येतो. की जवळ नसेल तर डिस्कवरच्या फायलींना कुलूप लागतं. बोर्डही बदलणार असाल तर विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या.

एएम४ मध्ये कुलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कुलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

तपकीर गल्लीतून घेऊ, ऑनलाइन घेऊ की मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊ?

वायरी, पंखे, एक्स्टेंशन बोर्ड यांसाठी तपकीर गल्ली उत्तम. प्रोसेसर आणि रॅम मात्र कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानातून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर घ्या. ऑनलाइन भाव आधी बघून ठेवा आणि दुकानात तो सरळ सांगा. थोडाच फरक असेल तर मी पुण्यातलं दुकान निवडतो, कारण रॅम जुळली नाही तर दुसऱ्या दिवशी समोर उभं राहून बदलून मागता येते. एवढ्यासाठी मुंबईची फेरी परवडत नाही.

प्रोसेसर बॉक्स्ड (कंपनीच्या डब्यातला) आहे की ट्रे (डब्याविना सुटा), हे विचारलंच पाहिजे. बॉक्स्डवर एएमडी आणि इंटेल दोघांचीही तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेवर असते ती विक्रेत्याने दिलेली, म्हणून किती वर्षांची ते बिलावर लिहून घ्या. सेकंडहँड घेत असाल तर एएम४ च्या पिना उजेडात तिरक्या धरून बघा, आणि रॅमवर मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा बिनचूक झाल्यावरच पैसे द्या.

मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. अभ्यासासाठी पीसी अपग्रेड हवाय म्हणतो. खरंच उपयोग होतो का?

होतो. प्रोग्रॅमिंग, कॅड, व्हर्च्युअल मशीन यांना जास्त कोअर आणि ३२ जीबी रॅम खरोखर उपयोगी पडते. पहिल्या प्रश्नातली तपासणी त्याला तुमच्या शेजारी बसून करायला सांगा, आणि कोणता भाग का बदलायचा ते त्यालाच समजावू द्या. त्याला ते नीट सांगता आलं, तर पैसे योग्य जागी जाणार.

नवीन डीडीआर५ लावली, पंखे फिरतात पण पडदा काळाच. बिघडलं का?

बहुधा नाही. एएम५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. मध्येच बटण दाबून बंद करू नका. पंधरा मिनिटं झाली तरी काही दिसलं नाही, तर बंद करून एकच स्टिक ए२ मध्ये, ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. ८ पिनांची प्रोसेसरची वीजजोडणी बघा. एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे मॉनिटर कार्डालाच जोडलेला हवा. तरीही नाही झालं, तर बोर्डवरचं गोल बटण-सेल पाच मिनिटं काढून परत लावा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत येतात. त्यानंतर सुरू झालं की आधी तसंच विंडोजपर्यंत जाऊ द्या, एक्स्पो नंतर चालू करा.